क्रीम कलरच्या लेदर सीट : मळ, जीनचा निळा डाग आणि उडालेला रंग

खंबाटकी_घाट

नमस्कार मंडळी. नुकतीच एक जुनी सेडान घेतली. आधीचा मालक एकच, सर्व्हिसचे कागद चोख, इंजिनाबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते सीटबद्दल. क्रीम कलरच्या लेदर सीट आहेत, म्हणजे कधीकाळी क्रीम होत्या. ड्रायव्हर सीटची दाराकडची उंच कड काळवंडली आहे आणि तिथे बारीक भेगा दिसतात. बसायच्या जागेवर निळसर झाक आहे. मागच्या सीटवर पिवळा डाग आहे, बहुधा डब्यातली आमटी सांडली असावी. हेडरेस्टवर डोक्याच्या तेलाचा गोल आणि दाराच्या पॅडवर कुणीतरी बॉलपेनने ओढलेली वीतभर रेघ.

गाड्या आतून-बाहेरून चकाचक करून देणाऱ्या एका डिटेलिंगवाल्याने 'फुल रिस्टोरेशन'चे पाच आकडी पैसे सांगितले. दुसरा म्हणाला, सरळ वरून कव्हर चढवा, कशाला जिवाला घोर. घरच्यांचं मतही कव्हरकडेच झुकतंय. मला कव्हर घालायचं नाही. घरी काय करता येईल, कशाला हात लावू नये आणि कुठल्या टप्प्याला जाणता माणूस बोलवावा, एवढं सांगा. फोटो टाकायचा प्रयत्न केला, चढत नाहीयेत.

शेवग्याची_शेंग

वाचतेय. आमच्या बेज सीटवर गेल्या विसर्जनाला गुलाल सांडला होता. भाच्याने मोठ्या तत्परतेने ओलं फडकं मारलं, तेव्हापासून तिथे गुलाबी ढग आहे. त्यावरही कुणी बोललं तर बरं होईल.

उंटावरचा_शहाणा

एवढं काय त्यात? खोबरेल तेल कोमट करून कापसाने चोळा, रात्रभर मुरू द्या. आमच्या आजोबांच्या कोल्हापुरी वहाणा तेलावर वर्षानुवर्षं चालल्या. चामडं ते चामडं. पेनाच्या रेघेला टूथपेस्ट, नाही गेली तर नेलपॉलिश रिमूव्हर. डिटेलिंगवाले लुटायलाच बसलेत.

हिरडा_बाभूळ

शहाणेसाहेब, वहाणांच्या बाबतीत तुमचे आजोबा अगदी बरोबर होते. पण तो न्याय गाडीला लागू नाही. मी मूळचा कोल्हापूरकडचा, पण नोकरी सगळी तमिळनाडूत गेली, रानीपेट-आंबूर भागातल्या टॅनऱ्यांत, म्हणजे कातडं कमावायच्या कारखान्यांत, फिनिशिंग खात्यात. त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

कोल्हापुरीचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं असतं. वर रंगाचा थर नसतो. तेल दिलं की ते पितं आणि मऊ पडतं. सीटचं कातडं वेगळ्या वाटेने येतं. ते बहुधा क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं असतं, हल्ली क्रोमशिवायही कमावतात. त्याला जे काही तेल लागतं ते टॅनरीत फिरत्या ड्रममध्येच पाजलेलं असतं. मग त्याच्यावर बेस कोट, रंगाचा थर आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक टॉप कोट. कातडं साधारण एक ते दीड मिलिमीटर जाड. वरचे थर त्यापुढे नगण्य. युरोपीय व्याख्येत तर वरचा थर ०.१५ मिमीहून जाड असेल तर त्या मालाला नुसतं लेदर म्हणताच येत नाही.

तुम्ही बसता त्यावर, पुसता ते आणि मळतं तेही हाच थर. खालच्या कातड्याला तुमचा हात कधी लागतच नाही. त्यामुळे खोबरेल आत जात नाही, वर बसून राहतं. त्यावर धूळ बसते आणि दोन आठवड्यांत सीट आधीपेक्षा काळी. जिथे भेग आहे किंवा शिवणीची भोकं आहेत तिथून मात्र आत शिरतं आणि त्या कडेला कायमचा गडद पट्टा येतो. पुढे रंग द्यायची वेळ आली की तेलकट जागेवर रंग धरत नाही, हा आणखी एक तोटा.

टूथपेस्टमध्ये बारीक खरड असते, ती टॉप कोट घासते. रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन तर टॉप कोट विरघळवतंच. रेघ जाईल, रेघेखालचा क्रीम रंगही जाईल.

आता खंबाटकी, तुमचं. बाजारात काही आणायच्या आधी एक गोष्ट ठरवा : तो काळेपणा मळ आहे की तिथला रंग उडालाय? पांढरं सुती फडकं पाण्यात बुडवून घट्ट पिळा, त्यावर लेदर क्लीनरचे दोन थेंब घ्या आणि काळ्या कडेवर हलक्या हाताने फिरवा. फडकं तपकिरी-काळं झालं आणि जागा उजळली तर मळ आहे, नशीब समजा. फडकं स्वच्छ राहिलं आणि काळं जागच्या जागी राहिलं तर तिथला रंग झिजून गेलाय, तुम्हाला दिसतंय ते उघडं कातडं आणि त्यात मुरलेला घाम. आणि फडक्याला क्रीम रंग लागायला लागला तर ताबडतोब थांबा, तुम्ही सीटचा रंग पुसताय. या तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. निम्म्या सीट बिघडतात त्या दुसऱ्या प्रकाराला पहिल्याचा उपाय केल्यामुळे, म्हणजे रंग उडालेल्या जागेला मळ समजून घासत बसल्यामुळे.

चहाबिस्कुट

एक शंका. ते लेदरच आहे हे कशावरून? आमच्या गाडीच्या जाहिरातीत लेदर लेदर चाललं होतं, माहितीपत्रकात बारीक अक्षरात लेदरेट, म्हणजे नकली लेदर निघालं.

हिरडा_बाभूळ

चांगली शंका. खऱ्या लेदरच्या गाड्यांतही बऱ्याचदा फक्त अंग टेकतं तेवढाच भाग लेदरचा असतो. सीटच्या बाहेरच्या बाजू, पाठीमागचं आवरण, दाराची पॅड हे सगळं पीव्हीसी, म्हणजे आपलं रेक्झिन. सीटच्या तळाशी किंवा पाठीमागे कुठे मोकळी कड सापडली तर उलटी बाजू बघा. कापड किंवा जाळी दिसली तर रेक्झिन, केसाळ तंतू दिसले तर कातडं. जुन्या गाडीत आणखी सोपं : लेदरला भेगा जातात, रेक्झिनचं वरचं पापुद्र्यासारखं सुटतं आणि खाली कापड दिसतं. पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं लेदरेट दमट हवेत जास्त लवकर सुटतं, कारण ओलाव्याने त्याच्या रेणूंची साखळीच तुटत जाते. मुंबईतल्या सोफ्यांचं काय होतं ते पाहिलंच असेल.

पाण्याचा थेंब टाकूनही बघा. थेंब तसाच गोल राहिला तर वर रंगाचा थर शाबूत आहे. आत शिरला आणि जागा गडद झाली तर एकतर थर गेलाय किंवा ते मुळातच थर न दिलेलं अ‍ॅनिलीन लेदर आहे. अ‍ॅनिलीन आपल्याकडच्या नेहमीच्या गाड्यांत दिसत नाही, आणि असलंच तर त्याला घरी हात लावू नका.

खंबाटकी_घाट

सगळं करून बघितलं. बसायच्या जागेवर थेंब गोल राहिला. कडेवरच्या भेगांवर टाकला तर तिथल्या तिथे शोषला आणि ठिपका उमटला. दाराच्या पॅडखाली कापड आहे, म्हणजे रेक्झिन. फडक्याची गंमत अशी की बसायच्या जागेवर ते चहासारखं तपकिरी झालं, कडेवर मात्र थोडं मळलं आणि पुढे काहीच निघेना.

पॉलिशपेपर

मी नाशिकला गाड्यांच्या आतलं काम करतो. काकांनी मुद्दा सांगितलाच आहे, मी हाताचं काम सांगतो.

म्हणजे तुमच्याकडे दोन वेगळी कामं आहेत. सीटची सपाटी धुवायची आहे आणि कड रंगवायची आहे. धुणं घरी होतं, दोनशे रुपयाच्या ब्रशवर आणि एका बाटलीवर. बाटली घेताना लेदरसाठीचा, सौम्य आणि पीएच न्यूट्रल (ना आम्ल, ना अल्कली) असं लिहिलेला क्लीनर घ्या. अंगाच्या साबणाच्या वडीचा पीएच ९-१० च्या घरात जातो, चामडं स्वभावाने आम्लधर्मी. एकदा वापरल्याने आकाश कोसळत नाही, पण दर आठवड्याला साबणाचं पाणी मारलेली सीट मी ओळखतो, कोरडी आणि कडक लागते. खायचा सोडा, फरशी पुसायचं लिक्विड, ओले वाइप्स, सगळं बाजूला ठेवा. आणि तो पांढरा जादूचा स्पंज! मेलामाइनचा तो स्पंज म्हणजे मऊ दिसणारा पॉलिश पेपर आहे. डाग जातो कारण टॉप कोट जातो. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं आणि सहा महिन्यांनी तोच भाग दुप्पट मळतो, कारण मळ धरायला आता पृष्ठभाग खडबडीत आहे.

आधी व्हॅक्युम, शिवणीत आणि सीटच्या फटीत ब्रशचं तोंड लावून. ही पायरी कुणी गाळू नका, फटीतली वाळू ओल्या फडक्याखाली आली की तीच सीट घासते. मग क्लीनर सीटवर फवारायचा नाही, ब्रशवर घ्यायचा. घोड्याच्या केसांचा मऊ ब्रश मिळतो, नाही मिळाला तर मऊ नेलब्रश. एका वेळी एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचाच तुकडा, फेस येईल इतपत, गोल गोल, दाब न देता. लेदरला जो दाणा असतो त्याच्या खोबणीत मळ बसलेला असतो, फडकं तिथे पोचत नाही, ब्रश पोचतो. फेस तपकिरी झाला की वाळायच्या आत मायक्रोफायबरने उचलायचा. मग दुसरं फडकं साध्या पाण्यात पिळून फिरवायचं आणि तिसऱ्याने कोरडं करायचं. फडकी भरपूर ठेवा. मळलेल्या फडक्याने पुसणं म्हणजे मळ इकडून तिकडे.

भोकांची, व्हेंटिलेटेड सीट असेल तर पाणी अगदीच कमी. खाली पंखा आणि वायरिंग असतं, भोकांत फेस वाळला की पांढरे ठिपके दिसत राहतात ते वेगळंच.

सीट धुतल्यावर तिची चमक गेली म्हणून घाबरू नका. नवी लेदर सीट मॅट असते. चकाकी ही मळाची आणि घामाची असते. ती परत आणायला कुणी सिलिकॉनची पॉलिश मारून देत असेल तर नको म्हणा. बसल्यावर घसरायला होतं, आणि त्यावर पुढे रंग दिला तर रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

शेवग्याची_शेंग

गुलाल राहिला हो.

पॉलिशपेपर

हो ताई, सगळे डाग एकदम घेतो.

गुलाल : कोरडा असेल तोवर पाण्याचा थेंबही नको. गुलाल म्हणजे पिठासारखी भुकटी आणि तिच्यावर चढवलेला रंग. कोरडा आहे तोवर ती नुसती धूळ आहे, पाणी लागलं की रंग सुटतो. व्हॅक्युमने ओढायचा, उरलेला कोरड्या मऊ ब्रशने झटकून पुन्हा ओढायचा. चोळायचं नाही. तुमच्याकडे आता ओलं होऊन गेलंय, तर क्लीनरचा फेस थोडा वेळ ठेवून उचलायचा, असं पुन्हा पुन्हा. प्रत्येक वेळी फडक्याला गुलाबी लागतंय तोवर करत राहा. लागायचं थांबलं आणि ढग शिल्लक असेल तर तो टॉप कोटमध्ये उतरलाय, तेवढा भाग रंगवावा लागेल. पुढच्या वर्षी बाप्पाला नेताना मागच्या सीटवर जुनी चादर टाका, दरवाजाच्या पॅडपर्यंत.

हळद : साबण लावून पाहू नका. हळदीला अल्कली लागली की ती लालसर होते. पांढऱ्या शर्टावर साबण लागल्यावर दिसतं ना, तेच. न्यूट्रल क्लीनरने वरची तेलकट आमटी काढा आणि मग गाडी अशी लावा की त्या जागेवर ऊन येईल. हळदीचा पिवळा रंग उन्हात टिकत नाही. बाकी डागांना ऊन वाईट, हा एकच डाग उन्हाने जातो. घाई करू नका.

जीनचा निळा : हा सगळ्यात चिवट. क्लीनरने वरवरचा जातो. राहिलेल्यासाठी रंग उतरल्याच्या डागांसाठीचे खास क्लीनर मिळतात, कलरलॉकसारख्या कंपन्यांचे. ते जरा जोरदार असतात, आधी सीटच्या मागे न दिसणाऱ्या जागी लावून बघा.

पेन : लेदरवरची ताजी शाई क्लीनरने टिपून निघते. जुनी आत उतरलेली असते. तुमची रेघ रेक्झिनवर आहे. रेक्झिन शाई स्पंजासारखी ओढून घेतं, त्यामुळे पूर्ण जाईल असं मी लिहून देणार नाही. इअरबडवर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन रेघेवरूनच, बाजूला न पसरवता, एक-दोन वेळा. फिकी झाली की तिथेच समाधान माना.

हिरडा_बाभूळ

निळ्याबद्दल एक भर. इंडिगो सुताशी रासायनिक बंध करत नाही, धाग्याच्या बाहेरच्या अंगाला नुसता बसलेला असतो. म्हणून तर जीन झिजल्यावर पांढरट होते. नवी गडद जीन, घाम आणि पावसाने ओलसर झालेली सीट हे तिन्ही जमलं की रंग सुतावरून सीटवर येतो. मग उन्हात उभ्या गाडीत टॉप कोट तापून थोडा मऊ पडतो आणि रंग आत ओढला जातो. म्हणून जीनचा डाग दिसल्या दिवशी पुसला तर पाण्याने जातो, उन्हाळा ओलांडला की बसतो. बांधणी, नवे काळे कुर्ते, स्वस्त रेक्झिनच्या पर्स, सगळ्यांचं तेच. फिक्या सीटवर दर पंधरवड्याला नुसतं ओल्या फडक्याने पुसणं हे वर्षातून एकदा केलेल्या महागड्या डिटेलिंगपेक्षा भारी.

उंटावरचा_शहाणा

मान्य, तेल मागे घेतो. पण मग काका, दुकानात लेदर कंडिशनर म्हणून जे विकतात ते काय आहे? त्यातही तेलंच असतात ना? तुमच्या हिशोबाने तेही आत जात नाही.

हिरडा_बाभूळ

इथे तुम्ही मला पकडलंत. थर शाबूत असलेल्या सीटवर कंडिशनरचं काम फार थोडं आहे असं माझं मत. सीटला भेगा पडतात त्या वरचा थर घर्षणाने, उन्हाने आणि घामाच्या ओशटपणाने कमजोर होतो म्हणून. 'चामडं भुकेलं आहे, त्याला खाऊ घाला' ही जाहिरातीची भाषा आहे. पडलेली भेग कुठलंही कंडिशनर भरून काढत नाही.

पॉलिशपेपर

काकांशी थोडा असहमत. पाण्यात बनवलेली चांगली क्रीम असतात, त्यांनी शिवणी आणि झिजलेल्या जागा मऊ राहतात, करकर आवाज थांबतो, फडकं सहज फिरतं. मी वर्षातून दोनदा लावतो. पण पैसे एकाच बाटलीवर घालायचे असतील तर प्रोटेक्शनवर घाला. धुतलेल्या, वाळलेल्या सीटवर लेदरचं प्रोटेक्शन किंवा कोटिंग लावलं की जीनचा रंग आणि तेल त्या थरावर अडकतं, पुढच्या वेळी पुसताना निघून येतं. तो थर झिजतो, ड्रायव्हर सीटवर सगळ्यात आधी. त्यामुळे पाच वर्षांची गॅरंटी देणाऱ्याकडे जरा संशयाने बघा.

हिरडा_बाभूळ

प्रोटेक्शनबद्दल दुमत नाही. क्रीमबद्दल आहे, ते असू द्या.

मुक्काम_शारजा

इकडे उन्हाचा प्रश्न मोठा. माझा अनुभव असा की पुढची काच लॅमिनेटेड असते, ती अतिनील बऱ्यापैकी अडवते. दाराच्या काचा साध्या टफन केलेल्या, त्या तेवढ्या अडवत नाहीत. म्हणून सीटची काचेकडची बाजू आधी जाते. इथे जवळपास सगळे काचांना फिल्म लावतात. शिवाय सनस्क्रीन : हाताला चोपडलेलं सनस्क्रीन आर्मरेस्टवर आणि दारावर पिवळे डाग पाडतं आणि थर चिकट करतं. डासांचं क्रीम त्याहून वाईट, त्यातलं डीट हे डास पळवणारं द्रव्य प्लास्टिकही विरघळवतं.

चहाबिस्कुट

भारतात फिल्म लावताना सांभाळून. २०१२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून काळ्या फिल्मवर दंड बसतो. जाळीचे सनशेड गाडी उभी असताना लावा, नाहीतर सावली शोधा. पुण्यात सावलीतली पार्किंगची जागा मिळणं हा वेगळ्या धाग्याचा विषय.

खंबाटकी_घाट

धुऊन झालं. पॉलिशपेपर, तुम्ही म्हणालात तस्संच. सीट मूळची इतकी फिकी होती हे मला माहीतच नव्हतं. बादलीतलं पाणी बघून घरच्यांनी आधी नाक मुरडलं आणि मग दुसरा ब्रश घेऊन मागची सीट तेच करायला बसले. निळं बरंचसं गेलं, अगदी फिकी झाक उरली आहे. हळद अजून उन्हात आहे. हेडरेस्टचा गोल अर्धा.

पण आता कड जास्तच डोळ्यात भरते. बाकी सगळं क्रीम आणि तेवढीच करडी. रंगवायचं घरी जमेल का? सगळी सीट नाही, तेवढी कडच.

पॉलिशपेपर

जमेल. अवघड रंग लावण्यात नाही, त्याच्या आधीच्या तयारीत आणि शेड जुळवण्यात आहे.

हेडरेस्टचं आधी. तेल वरच्या थरात मुरलंय, लेदरसाठीच्या डिग्रीसरने आणखी थोडं निघेल. बाकी राहील ते कडेबरोबरच रंगवून टाका.

कडेची तयारी : क्लीनरने धुवा, पूर्ण वाळू द्या. मग आयसोप्रोपिल फडक्यावर घेऊन हलक्या हाताने पुसा म्हणजे तेल, सिलिकॉन, जुनी पॉलिश जाईल. इथे थोडा क्रीम रंग निघाला तरी चालतो, कारण वर नवा द्यायचाच आहे. मग हजार-बाराशे नंबरचा पॉलिश पेपर, सुका, नुसत्या बोटांच्या टोकांनी. भेगांच्या उभ्या राहिलेल्या कडा सपाट करायच्या, खालचं कातडं खायचं नाही. बोट फिरवून बघा. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लागतं.

भेगा बारीक असतील तर लेदरचा लवचीक फिलर प्लॅस्टिकच्या कार्डाने अगदी पातळ ओढायचा. एकदम जाड भरला तर बसल्यावर वाकतो आणि पुन्हा तडकतो. पातळ हात, वाळवणं, हलका पेपर, पुन्हा पातळ हात. भिंतीला भरतात ती लांबी किंवा गाडीच्या पत्र्याची पुटी वापरायची नाही, ती वाकत नाही. भेग आरपार असेल, खालचा फोम दिसत असेल तर मागून कापडाचं ठिगळ चिकटवावं लागतं, ते काम माझ्यासारख्यावर सोडा.

शेड. इथे लोक मार खातात. क्रीम म्हणजे पांढरा नाही आणि पिवळाही नाही. पांढऱ्यात पिवळा ऑक्साइड, चिमूटभर लाल ऑक्साइड आणि काळ्याचं टोक. काळा थेंब थेंबानेच, जास्त पडला तर परत येता येत नाही. जुळवायला सीटची झिजलेली जागा धरू नका, ती मळकी असते, आणि अगदी झाकलेली जागाही धरू नका, ती उन्हं न लागल्याने वेगळी दिसते. कडेच्या शेजारचा धुतलेला, रोज दिसणारा तुकडा धरा. दिवसाच्या उजेडात जुळवा. ट्यूबलाइटखाली जुळलेली शेड बाहेर हिरवट निघालेली मी पाहिली आहे. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखे दिसत नाहीत, म्हणून प्रत्येक मिश्रणाचा ठिपका ड्रायरने वाळवूनच ठरवा. शेड तयार करून देणारे विकतात, नमुन्याला सीटखालच्या शिवणीतून छोटा तुकडा कापून पाठवता येतो.

रंग : लेदरसाठीचा, पाण्यात मिसळणारा. पहिला हात स्पंजने दाबून, भेगांत जाईल असा. पुढचे हात अगदी पातळ, प्रत्येकी हेअर ड्रायरने वाळवून, जागा झाकेपर्यंत. एअरब्रश असेल तर शेवटचे हात त्याने, म्हणजे कडेचा रंग शेजारच्या भागात विरत जातो. शिवणीवर टेप लावून सरळ रेघ मारू नका, रंग शिवणीपर्यंत विरवत आणा. दोऱ्यावर रंग गेला तर ओल्यातच ओल्या इअरबडने पुसा.

मग टॉप कोट, मॅटच. त्यात क्रॉसलिंकर, म्हणजे थर पक्का करणारं रसायन घालायचं असतं, ते घातल्यावर मिश्रण काही तासच वापरता येतं, म्हणून लागेल तेवढंच करा. हातमोजे आणि मास्क, खिडक्या उघड्या. क्रॉसलिंकर अंगाला लागू देऊ नका. टॉप कोटवर कंजुसी केली तर कड महिन्याभरात पुन्हा जाईल, कारण गाडीत चढता-उतरताना घासते ती तीच. सवयही बघा : कडेवर बसून सरकत आत जाणारा माणूस कुठलाही रंग टिकू देत नाही. आधी पाठ सीटच्या मधोमध आणा, मग पाय आत घ्या.

चहाबिस्कुट

वाचनखूण साठवली. त्या कडेत साइड एअरबॅग असते ना? त्यावर रंग देऊन चालतो?

पॉलिशपेपर

पातळ रंगाने काही होत नाही, फिलर मात्र शिवणीत भरायचा नाही. एअरबॅग त्या शिवणीतूनच फाटून बाहेर येते. याच कारणाने धोका आहे तो कव्हरला. एअरबॅगच्या बाजूला फाटणारी शिवण न ठेवलेलं गल्लीतलं कव्हर चढवलं तर बॅग अडकते. कव्हर घालायचंच असेल तर एअरबॅगसाठीचं म्हणूनच शिवून घ्या. पुढच्या सीटच्या बाजूला एअरबॅग असं लेबल आहे का ते आधी बघा.

खंबाटकी_घाट

लेबल आहे. कव्हरचा विषय त्यावरच संपला घरी.

ओला_फणस

आमच्या कोकणातला वेगळा त्रास. पावसाळ्यात पंधरा दिवस गाडी बंद राहिली की फिक्या सीटवर पांढरट बुरशी. पुसली की आठ दिवसांत परत. व्हिनेगर मारा म्हणतात, खरं का?

हिरडा_बाभूळ

बुरशीला ओलावा आणि खायला काहीतरी लागतं. खायला म्हणजे सीटवरचा घाम, सांडलेला चहा आणि जास्त चोपडलेलं क्रीमसुद्धा. धुतलेल्या सीटवर ती कमी धरते. गाडी उघड्यावर नेऊनच कोरड्या फडक्याने बुरशीचं बीज उचला, तोंडावर मास्क ठेवा, फडकं टाकून द्या. मग क्लीनर. जोरकस व्हिनेगर नको, ब्लीच तर मुळीच नको. महत्त्वाचं म्हणजे गालिच्याखाली हात घालून बघा. सीटवरची बुरशी परत परत येत असेल तर पाणी बहुधा खाली आहे, दाराच्या रबरातून किंवा एसीच्या तुंबलेल्या नळीतून. तो ओलावा असेपर्यंत सीट कितीही पुसा. गालिचा उचलून वाळवा, बंद गाडीत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या ठेवा आणि पाऊस उघडला की दारं उघडी टाका.

ओला_फणस

गालिचा पिळला तर पाणी निघालं. एसीची नळीच असणार, उद्या गॅरेजला.

शेवग्याची_शेंग

गुलाबी ढग निम्म्याने कमी झाला, पॉलिशपेपर. अजून फडक्याला रंग लागतोय, म्हणजे चालू ठेवते. अजून एक : मागे बाळाची सीट बांधायची आहे. खाली रबरी मॅट घालू का, लेदरवर वळ उठू नयेत म्हणून?

पॉलिशपेपर

वळ उठतातच ताई, सीट काढून ठेवली की हळूहळू कमी होतात. रंगीत रबर किंवा पीव्हीसीची मॅट मात्र नको. त्यातलं मऊ करणारं द्रव्य उन्हात सुटून फिक्या लेदरवर पिवळा-तपकिरी चौकोन पाडतं आणि तो धुऊन निघत नाही. बाळाची सीट बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत खाली काही घालायला परवानगी आहे का ते वाचा, कारण मॅट घसरली तर पट्टा सैल पडतो. असली तर न रंगवलेलं पातळ सुती कापड, आणि दर महिन्याला सीट उचलून खालचा चुरा व्हॅक्युम करा. बिस्किटाचा चुरा लेदरवर पॉलिश पेपरचंच काम करतो.

शेवग्याची_शेंग

पुस्तिका काढते शोधून. आभार.